तिकिटावरचे सहा तास

मुंबईहून टोरांटोला चाललो होतो. शेजारी बार्शीच्या एक मावशी होत्या. निघता निघता त्यांना फोन आला होता, तिकडे लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून.

"कधी पोचायचं ओ दादा?"

मी तिकीट पाहिलं. सकाळी आठला उड्डाण, दुपारी दोनला टोरांटो. वजाबाकी मला उत्तम येते. "सहा तास, मावशी. बार्शीहून मुंबईला याहून जास्त लागले असतील." जगभरची घड्याळं एकसारखी चालत नाहीत, हे शाळेत शिकवलं त्या दिवशी मी बहुधा वर्गाबाहेर उभा होतो.

सहा तास होताच मावशींनी केस नीट केले, चपला घातल्या, पिशवी मांडीवर घेतली. तेव्हा मी समोरच्या पडद्यावर नीट पाहिलं. अजून साडेनऊ तास बाकी होते. कबूल करताना माझा आवाज मलाच ऐकू येईना.

साडेबारा हजार किलोमीटर, एवढंच तो पडदा सांगतो. त्यात एखादी आई कितीदा पोचते आणि कितीदा पुन्हा खुर्चीत येऊन बसते, हे त्याला कुठून कळणार?

मावशींनी पिशवी पुन्हा पायाशी ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात आई सारखी म्हणायची, 'झालंच गं आता.' खोटंच की! पण खरं सांगितलं असतं तर माझा धीरच सुटला असता."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता किती ओ?"

पडद्यावर नऊ तास वीस मिनिटं होती.

"झालंच की, मावशी."

"हां," त्या म्हणाल्या, "आता बरोबर सांगितलंत."