पीचची फुलं आणि रेवतीचं बारसं

मिरज स्टेशनवर सासूबाईंनी माझी ओटी भरली तेव्हा रेवती माझ्या कडेवर होती, जेमतेम वर्षाची. ब्याण्णव साल. रेल्वेने मुंबई, तिथून विमानाने सिंगापूर. सासूबाईंनी मला कुंकू लावलं, नारळ दिला आणि मुलीकडे न पाहता म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तरी चांगली बातमी कळव." मागे उभ्या असलेल्या माझ्या आईने माझा दंड दाबला. लहानपणापासून तिचं एकच सांगणं, "गिळायला शिक." मी गिळलं. गाडी सुटल्यावर हात हलवला तो फक्त आई-बाबांना.

तोवर गिळून बरंच झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, मिरजेला. मुलगी झाल्याचा निरोप सांगलीला सासरी गेला आणि तिकडून कोणी फिरकलंच नाही. बाराव्या दिवशी बाबांनी पाळणा बांधला, आळीतल्या बायका जमल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, म्हणून आम्ही माझ्या नणंदेची वाट पाहत बसलो. शेवटी निरोप आला, सासूबाईंना बरं नाही, कोणी येऊ शकत नाही. त्याच दुपारी त्या आणि नणंद सांगलीत एका मुंजीच्या पंगतीला बसलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी पाहिल्या. बायका घुगऱ्या घेऊन घरी गेल्या. बाबांनी मुकाट्याने पाळणा सोडला. नगरपालिकेत रेवती हे नाव लागलं, पण तिच्या कानात ते कोणी सांगितलं नाही. माझा नवरा विवेक मरीन इंजिनिअर, तेव्हा जहाजावर होता. परतल्यावर तो एवढंच म्हणाला, आईचा स्वभाव तुला माहीतच आहे.

विवेकची जहाज कंपनी सिंगापूरची, म्हणून तिथे बेडोकमध्ये आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला. विवेक सहा-सहा महिने समुद्रावर. मिरजेत मी एकटी भाजी आणायला निघाले तरी कुठे चाललीस म्हणून विचारणारे चार जण असत. इथे मी रेवतीला चाइल्डकेअरमध्ये सोडून पाया लेबारला एका जपानी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरीला जाऊ लागले. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, एकटीने जेवायला शिकले. रेवती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. मला वाटलं, सांगली मागे पडली.

आमच्या साहेबांची बायको, ओगावा-सान, साठीकडे झुकलेली. एका मार्चमध्ये तिने ऑफिसातल्या सगळ्यांच्या लहान मुलींना घरी बोलावलं. तिच्या दिवाणखान्यात लाल कापडाच्या पायऱ्या होत्या, चैत्रगौरीच्या आराशीसारख्या. सर्वांत वर राजाराणीच्या बाहुल्या, आणि बाजूला गुलाबी फुलांनी गच्च भरलेल्या फांद्या, पानं जवळजवळ नाहीतच. मोमो, ती म्हणाली. म्हणजे पीच. सिंगापूरला वसंत नाही, म्हणून फांद्या विमानाने येतात. थंडी सरता सरता हे झाड फुलतं, आणि त्यांच्याकडे मुलींचा सण याच फुलांच्या नावाने ओळखला जातो. पीच वाईटाला पळवून लावतं, असं ते मानतात. मृतांच्या राज्यातून पळणाऱ्या देवाने पाठलाग करणाऱ्यांवर पीचची फळं फेकली, तेव्हा ते मागे फिरले, ही गोष्ट तिने मोडक्या इंग्रजीत सांगितली. मुलगी जन्मली की पहिल्या सणाला तिचे आजी-आजोबा बाहुल्या आणतात. मग तिने सहज विचारलं, रेवतीच्या आजीने काय दिलं?

मी रेवतीला जवळ ओढून वरच्या बाहुल्या दाखवू लागले. घरी येताना मेट्रोत मला जाणवलं की सांगली अजिबात मागे पडली नव्हती.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत विवेक सुट्टीवर असताना सासूबाई सिंगापूर पाहायला आल्या. धाकट्या दिरांना मुलगा झाला होता. त्याच्या बारशाचा आल्बम त्यांनी सोबत आणला होता आणि येईल त्या शेजारणीला त्या तो दाखवत. फुलांनी मढवलेला पाळणा, चांदीचे वाळे, नातवाच्या कानाशी वाकलेली नणंद. रेवती शेजारी बसून पाहायची. एकदा तिने विचारलं, यात मी कुठे आहे? सासूबाईंनी पान उलटलं. त्या क्षणी मी ठरवलं.

तीन मार्चला, ओगावा-सानच्या त्या मुलींच्या सणादिवशी, मी हळदीकुंकू ठेवलं. बेडोक आणि तोआ पायोहच्या मराठी बायका आल्या, बऱ्याचशा जहाजावरच्या माणसांच्या. ओगावा-सान पीचच्या फांद्या घेऊन आली. मी टेबलावर पायऱ्या रचल्या, लाल साडी अंथरली, फुलं लावली. सासूबाईंना मानाच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुशीत होत्या, सुनेने आपल्यासाठीच घाट घातला असं त्यांना वाटलं. सगळ्या स्थिरस्थावर झाल्यावर मी रेवतीला मध्ये उभं केलं आणि म्हणाले, "आज रेवतीचं बारसं आहे. मिरजेला व्हायचं राहिलं होतं. का राहिलं, ते आई सांगतील."

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"सुतक आलं होतं," त्या म्हणाल्या. तेव्हा कळवलेलं आजारपण त्या विसरल्या होत्या.

"कोणाचं, आई?"

त्यांनी विवेककडे पाहिलं. तो खाली पाहत होता. मी थांबले. कोणीतरी विषय बदलायला गेलं, मी हात वर करून थांबवलं. सासूबाईंचे ओठ हलले, पण नाव त्यांना सुचेना, कारण मेलं कोणीच नव्हतं. रेवती जन्मली होती. ते सगळ्या बायकांना उमगेपर्यंत मी गप्प राहिले. मग ओगावा-सानला पुढे बोलावलं. तिने गुडघे टेकून रेवतीच्या कानात नाव सांगितलं, "रेबाती." रेवती खुदकन हसली आणि सिंगापुरी हेल काढून म्हणाली, "राँग लाह, आंटी." सगळ्या हसल्या. सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विवेकने विचारलं, "एवढं करायची गरज होती?"

"गरज नव्हती. इच्छा होती."

सासूबाई तिकीट बदलून आठवड्यातच परत गेल्या. माझ्या आईला कळलं तेव्हा फोनवर तिने आधी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मला जमलं नसतं." ती रागावली की निवली, मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही मिरज-सांगलीचे सगळे मला विचारता की घरी कधी येणार. तिथून निघून सिंगापूरला, दुबईला, अमेरिकेला गेलेल्या मैत्रिणीही एकमेकींना हेच विचारतात. बाबांच्या अंगणाची आठवण मलाही येते. पण मध्यंतरी दिरांचा फोन आला. सासूबाईंना आता एकटं राहवत नाही, काही महिने तुमच्याकडे ठेवता का? विवेकने रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, ती मला दिसली.

"सांगलीत त्यांना सांभाळायला बाई ठेव, तू जाऊन राहा हवं तर," मी म्हणाले. "इथे नको. हे माझं घर आहे."

मिरजेत वाढले, सांगलीत नांदले, पण हे वाक्य मी त्याआधी कुठेच उच्चारलं नव्हतं. विवेकने हात काढला आणि भावाला नाही म्हणून सांगितलं.