आमच्या ह्यांनी हात वर केला तो दिवस

काल गल्लीतून विजयाची मिरवणूक गेली. गुलालाचा वास घरात आला आणि मंगरूळपीरची, आणीबाणीच्या आधीची एक संध्याकाळ आठवली.

आमचे हे वकील, व्यापाऱ्यांचे कर सल्लागार. व्यापाऱ्यांच्याच जोरावर नगरपालिकेत निवडून आले. पण त्या दिवशी सभेत यांनी गावात येणाऱ्या मालावरची जकात वाढवण्याच्या बाजूनं हात वर केला. बौद्ध वस्तीत नळ न्यायचा, तर पालिकेकडे पैशाचा दुसरा मार्ग नव्हता.

दिवेलागणीला यांचे सर्वांत जुने पक्षकार, कापडवाले शेठजी, आपली कागदपत्रं परत न्यायला आले.

"वकीलसाहेब, कर कमी कराले तुमाले धरलं, अन् तुमीच वाढवून राह्यले? काहून?"

"धंद्यात मी तुमचाच हाओ, शेठजी. पन त्या वस्तीतल्या बायाईनंही मले मत देलं."

शेठजींनी चहा बशीत ओतून शांतपणे संपवला आणि कागदपत्रं घेऊन गेले.

"मी चुकलो का वं?" यांनी मला विचारलं. मी शेठजींची कपबशी उचलून आत नेली.

वस्तीत नळ आला. पुढच्या निवडणुकीत हे पडले. तेव्हा शेठजी घरी येऊन म्हणाले, "वैनी, माह्यं मत वकीलसाहेबालेच होतं."

मग त्या संध्याकाळी ते कागदपत्रं घेऊन का गेले होते, हे मला अजूनही कळलेलं नाही.