हरभऱ्यातली हरणं

जुडी सोडताच हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागली आणि सावेडीतल्या स्वयंपाकघरातून मी थेट कर्जतच्या रानात पोचले.

नवीन लग्न झालं होतं. हरणं हरभरा फस्त करत होती. त्यांना हुसकायला ह्यांनी बांबूचं धनुष्य केलं, लागू नये म्हणून बाणाच्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या. पहाटे आम्ही दोघं कडब्याआड दबा धरून बसलो. कळप आला. ह्यांनी दोरी ताणली. पुढं इवलंसं पाडस बघून मी झटकन त्यांचा हात धरला. माझा हिरवा चुडा खळखळला आणि हरणं पार माळापल्याड!

आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"काम झालं की," हे हसले. "उद्या बी ये. धनुष्य ऱ्हाऊ दे घरी."

आता हातात दोनच बांगड्या आहेत. घाटे सोलताना त्या किणकिणल्या, तर पेपरामागून आवाज आला, "पळाली बघ हरणं."