मागच्या ब्रेकची पिन

डिचोलीहून पेडणे तालुक्यात बातम्यांसाठी जायचं तर मोटारसायकल लागते. बस आहेत, पण त्यांच्या वेळा ग्रामसभांच्या वेळांशी जुळत नाहीत. माझी गाडी गॅरेजात कधी जात नसे. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खाण बंद झाली, डंपर गेले, आणि त्यांच्या हाताखाली ही एकच गाडी उरली. घरामागच्या पडवीत गोणपाट पसरून ते ती उघडत. गॅरेजवाले तेल बदलतात आणि बाकीचं फडक्यानं पुसून देतात, असं त्यांचं मत होतं. ते मत ते गॅरेजवाल्यांसमोरही सांगत.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मी पेडण्यातल्या हळर्ण गावी गेले होते. परतताना मागून खडखड येऊ लागली. गाडी कडेला घेऊन पाहिलं. मागच्या ब्रेकला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिच्या बोल्टवरचा नट बोटांनी फिरत होता. नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकातून एक पिन घालून तिचे पाय दुमडतात. भोक रिकामं होतं. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच मागचं चाक जाम होऊ शकतं. नट हातानं आवळला आणि पायाच्या ब्रेकला न शिवता घरी आले.

पिन वाटेत पडली असेल, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी पडवीत, सुटे भाग धुण्यासाठी ठेवलेल्या डिझेलच्या वाडग्यात, ती सापडली. ती पडली नव्हती, बाबांनी गाडी शेवटची उघडली तेव्हा घातलीच गेली नव्हती. बाबांच्या बोटांना काही महिने कंप होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

पिन मी खिशात टाकली. त्यांना सांगितलं तर पडवीतलं काम संपणार होतं. न सांगता गाडी चालवणं शक्य नव्हतं. तिसरा मार्ग सोपा वाटला: सकाळी गुपचूप गॅरेजात जायचं, पिन घालून घ्यायची, आणि पुढं दर वेळी बाबांचं काम झालं की तिथं तपासून आणायचं. रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी पेडण्यात काम आहे असं सांगून निघाले. दुपारपर्यंत गाडी आण, पूजेला लागेल, असं ते म्हणाले. तेही मी अर्धवटच ऐकलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं धुऊन पूजेला मांडतात आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गॅरेजांमधल्या या पूजेची बातमी दरवर्षी मीच पाठवते.

गॅरेजच्या दाराला रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा होत्या. मेकॅनिक बेळगावकडचा. इस्त्रीचा शर्ट घालून तो उंबऱ्यात उभा होता. फक्त एक पिन घालायची आहे, असं मी म्हटलं.

"पिन घालायला पक्कड लागती, ताई," तो म्हणाला. "आणि पक्कड बघा कुठं बसलीया."

पक्कड केळीच्या पानावर होती, तिला कुंकू लावलेलं होतं. आतून कुणीतरी म्हणालं, "पत्रकारबाई फोटोला आल्या असतील, पेढे द्या." हशा झाला. मग मेकॅनिकनं गाडी ओळखली. ही तर बाबांच्या हातची गाडी, ते आजारी आहेत का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं. साखळी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजातही माळा होत्या. तिथं मी उतरलेच नाही.

घरी आले तेव्हा बाबांनी पडवीत पाट मांडला होता. नट-बोल्टचे घासलेले पाने ओळीनं ठेवलेले, समई लावलेली, पूजा झालेली. गाडीची जागा रिकामी होती.

"खंय गेलेलीस?"

पेडण्याला, मी म्हटलं.

"गॅरेजवाल्याचा फोन आलेला. बरे आहात ना, म्हणून विचारत होता." ते गाडीकडे वळले. "काय सुटलं गो बाय?"

मी खिशातून पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी ओळखली. अंगठ्यानं तिचे पाय चाचपले. दसऱ्यानंतर घालू, मी उद्या बसनं जाते, असं मी सुचवलं. ते उठले आणि त्यांनी पूजेतली पक्कड उचलली. समई जळत होती. आयुष्यात त्यांनी असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाबा, राहू दे."

"काम मी उघडं टाकलेलं आहे. ते मीच बंद करणार."

ते गाडीजवळ बसले. नट आवळला. पिन भोकाशी नेली की बोट हलायचं आणि ती बाजूला सरकायची. हात पुढं करावा असं मला वाटत होतं आणि करू नये असंही. शेवटी त्यांनी मनगट चाकावर टेकवलं, आणि पिन आत गेली. पाय दुमडून त्यांनी मला बघायला लावलं. काम बरोबर होतं. मग हात धुतले, पक्कड पुसून परत पानावर ठेवली, तिला नवं कुंकू लावलं.

"यापुढं गॅरेज," ते समईकडे बघत म्हणाले. यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

गाडी आता त्याच बेळगावकडच्या मेकॅनिककडे जाते. काम चांगलं असतं, तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी काम संपेपर्यंत मी तिथून हलत नाही. त्याला ते आवडत नाही. ताई, ऑफिसला उशीर होईल, असं तो सुचवून बघतो. गाडी घरी आली की बाबा तिच्याभोवती एक फेरी मारतात, हात मागे बांधून. सगळं ठीक आहे ना, असं मी विचारते. गाडी त्यांनी उघडलेली नसते, त्यांना माहीत नसतं. नुसतं बघून मलाही कळलेलं नसतं.