तोंडी तक्रार

कोर्टात मी खोटं बोललो नव्हतो. गेली कित्येक वर्षं मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं आहे की आता त्या वाक्याचीच शिसारी येते. मी खरं बोललो, आणि त्या खऱ्याच्या आड जे झाकायचं होतं ते नीट झाकलं. वर्धेच्या काकूंना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर ते सांगूनच सुरुवात करायला हवी. नाहीतर काकू किती मोठ्या मनाच्या होत्या वगैरे लिहून मी पुन्हा तेच केलं असं होईल.

काकू देवाशी बोलायच्या. प्रार्थना करायच्या असं मला म्हणायचं नाही. बोलायच्या, घरात राहायला आलेल्या माणसाशी बोलावं तशा. त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही दुसऱ्या. सकाळी त्यांचं दार उघडं असे आणि पूजा चालू झाली की जिन्यातून सगळं खाली ऐकू येई. बाळकृष्णाला आंघोळ घालताना, "हालू नको, कानात पाणी जाईन." गणपतीला, "तुले मोदक पायजेत, अन् माह्या गुडघ्याचं काय?" देवावर रागावल्या तर त्या दिवशी नैवेद्याच्या दुधात साखर नसे. तसं त्याला बजावूनही सांगत. माझी मुलगी लहानपणी पायरीवर बसून हे ऐकत राही. एकदा तिनं विचारलं, "बाबा, काकूंचा देव उत्तर देतो का?" मी म्हणालो, "पुण्यातला असेल तर एक ते चारमध्ये नाही देणार." माझे विनोद असे असायचे.

काका-काकू मूळचे वर्धेकडचे. काका हडपसरच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि कर्वेनगरला आमच्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. इतकी वर्षं पुण्यात काढूनही काकूंच्या बोलण्याला पुणं लागलं नाही. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडे सांबारवडी पाठवली, आणि आम्ही दोघं नवराबायको इडली कुठे आहे ते शोधत बसलो. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे नंतर कळलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात सांबारवडीची ताटली खाली येई. काकू मला 'सेक्रेटरीभाऊ' म्हणत. त्यात चेष्टा असे, पण बोचणारी नसे.

सेक्रेटरी मी खरोखरच होतो, सोसायटीचा. आणि मला त्याचा अभिमान होता. कोणी जिन्यात गाठून नळाबद्दल बोलतो, कोणी दुधाच्या रांगेत पार्किंगबद्दल, याला कंटाळून मी तळमजल्यावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'तक्रारी लेखी स्वरूपातच द्याव्यात. तोंडी तक्रारींची दखल घेतली जाणार नाही.' लोक थांबून वाचत, हसत. मला ते कौतुक वाटे.

गणपती जवळ आले होते. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काकू भाजीची पिशवी घेऊन थांबल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या माळ्यावरचं लिफ्टचं दार, लिफ्ट नसली तरी उघडून राहिलं. मी काल हात लावला तं उघडलं. आत नुसता अंधार." मी ऑफिसातून दमून आलो होतो. मी म्हणालो, "काकू, लेखी द्या. तोंडी तक्रारीवर मला काही करता येत नाही." त्या हसल्या. "देवाले रोज तोंडीच सांगणं असते माझं. तो तं कधी म्हणत नाही, लेखी दे म्हणून."

मीही हसलो. पण मी अगदीच काही केलं नाही असं नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. त्याच रात्री वर्गणीच्या बैठकीत मी चेअरमनच्या कानावर ते घातलं. लिफ्टच्या देखभालीचं काम त्यांनी आपल्या मेहुण्याला दिलं होतं. त्या मेहुण्याला लिफ्टमधलं किती कळतं हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. चेअरमन म्हणाले, "गणपती होऊन जाऊ देत. आता मेहुणा मांडवाच्या लायटिंगमध्ये अडकलाय." मी बरं म्हणालो. दाराला कुलूप घालायचं, निदान एक खुर्ची आडवी लावायची, हे दोघांनाही सुचलं नाही. सुचलं नाही असं लिहितो. सुचलं असतं तर जिना चढून वर जावं लागलं असतं.

काका रोज सकाळी खाली उतरून मागच्या मोकळ्या जागेतून दूर्वा खुडून आणत. गणपतीच्या दिवसांत जरा लवकर जात. गौरी यायच्या त्या सकाळी त्यांनी सवयीनं लिफ्टचं दार ओढलं. ते उघडलं. लिफ्ट खाली, तळमजल्यापाशी थांबलेली होती. आवाज मी ऐकला. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येणार नाही.

त्या संध्याकाळी आरती झाली. चेअरमन म्हणाले, बसवलेल्या गणपतीची आरती चुकवता येत नाही, स्पीकर बंद ठेवू. त्यांनीच तबक धरलं होतं.

पुढे पोलीस आले, केस उभी राहिली. चेअरमनवर आणि मेहुण्यावर निष्काळजीपणाचा आरोप होता. काकूंनी सांगितलं की मी सेक्रेटरीला दाराबद्दल आधीच बोलले होते. आता प्रश्न माझ्यावर आला. चेअरमन एकदा घरी येऊन गेले. धमकी नाही, काही नाही. चहा घेतला, मुलीच्या बारावीची चौकशी केली. निघताना म्हणाले, "तुम्ही फक्त खरं सांगा. लेखी काही आलं होतं का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग झालं तर. नाहीतर तुम्हीही आमच्याबरोबर उभे राहाल, एवढंच."

त्या काळात काकूंनी देव पाण्यात ठेवले होते. आपल्याकडे असं करतात. गाऱ्हाणं ऐकलं जाईपर्यंत देवांना पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे त्यांचाही जीव घुसमटावा. खालच्या मजल्यावरच्या बायकांनीच त्यांना सुचवलं होतं. पितळेच्या पातेल्यात बाळकृष्ण, गणपती, अन्नपूर्णा, सगळे. जिन्यात सकाळचं बोलणं बंद झालं. नुसतं पातेल्यातलं पाणी बदलल्याचा आवाज येई.

कोर्टात मला विचारलं, दाराबद्दल तक्रार आली होती का. मी म्हणालो, "संस्थेकडे अशी कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही." वकिलानं मान डोलावली. 'लेखी नाही, मग तोंडी?' एवढं कोणी विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही. कोणी विचारलं नाही. काकू समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ करत राहिल्या.

पुराव्याअभावी सगळे सुटले. वयस्कर माणसानं न पाहता पाऊल टाकलं, असा त्याचा एकूण अर्थ निघाला. त्या संध्याकाळी माझी बायको वर गेली होती. परत आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. म्हणाली, काकूंनी देव पाण्यातून काढले. एकेकाला काकांच्या जुन्या पंचानं पुसलं, कानाकोपऱ्यातलं पाणी टिपलं. हिनं विचारलं, "काकू, निकाल तर आपल्या विरुद्ध लागला ना, मग बाहेर का काढलेत?" तर म्हणाल्या, "यायनं काय केलं बाप्पा? बोलाचं माणसायले होतं. यायले काऊन बुडवून ठेवू?" बायकोनं एवढं सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, त्या खरंच तुम्हाला बोलल्या होत्या का?" मी म्हणालो, आठवत नाही.

पण काकू काही संतमाणूस नव्हत्या, आणि तसं कोणी म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पुन्हा आवाज सुरू झाला, तो भांडणाचा. "आज उपाशी राय. मी बी उपाशी आहे." "त्या चेअरमनच्या घरी नवी गाडी आली, पाह्यली का? कुंकवाचं बोट त्वाच लावलं असशीन तिले." कित्येक महिने त्यांच्या देवांनी साखर पाहिली नसेल. तरी पूजा एक दिवस चुकली नाही. एकदा कोणीतरी त्यांना म्हणालं, एवढा अन्याय होऊन देव मानता कसं? तर म्हणाल्या, "नाही मानलं तं मग भांडू कोणाशी?"

चेअरमनचं मात्र चांगलंच चाललं होतं. मेहुण्यानं दुसरा धंदा काढला. दरवर्षी गणपतीला आरतीचा पहिला मान चेअरमनचाच. काकू मागे बायकांत उभ्या राहत आणि शेवटी चेअरमनच्याच हातून तीर्थ घेत. हे मला पाहवत नसे. एकदा बायकोनं त्यांना हळूच म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून घ्या ना. काकू म्हणाल्या, "त्याच्या हातचं तीर्थ काऊन खराब होईन? हात खराब आहे, पाणी नाही."

आणि माझं? माझंही चांगलंच चाललं होतं. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला, मला बढती मिळाली. मी शिक्षेची वाट पाहत होतो. खोकला झाला तरी वाटे, आली. पण आली नाही. लोक विचारतात, वाईट करणाऱ्याला देव शिक्षा का करत नाही. मी तोच प्रश्न उलट्या बाजूनं विचारत होतो आणि शिक्षा न झाल्यामुळेच माझा देवावरचा विश्वास उडाला. मी आरतीला जाणं सोडलं. ज्यांचं सगळं गेलं त्या काकू देवाला धरून राहिल्या, आणि ज्याचं काहीच गेलं नाही तो मी नास्तिक झालो. हिवाळ्यात सांबारवडीची ताटली मात्र न चुकता येत राहिली. मला ती गिळवत नसे. बायकोला सांगायचो, पित्त झालंय.

नवी लिफ्ट आली, चकचकीत, आपोआप मिटणाऱ्या दाराची. काकूंनी तिच्यात कधी पाय ठेवला नाही. तिसरा मजला गुडघ्यांवर चढत-उतरत राहिल्या. मीही जिन्यानंच जात असे. लिफ्टमध्ये उभं राहवत नव्हतं. त्यामुळे आमची गाठ वळणावर पडे, त्याच वळणावर. एकदा मी धीर करून म्हणालो, "काकू, मी काकांसाठी रोज मनातल्या मनात देवाजवळ..." माझा देव केव्हाच गेला होता, पण तोंडातून हेच निघालं. काकू कठडा धरून श्वास घेत होत्या. म्हणाल्या, "देवाले तं माहीत आहे ना भाऊ. ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा लागते." आणि वर चढू लागल्या.

शेवटी गुडघे हरले. वर्धेला भावाच्या घरी जायचं ठरलं. तळमजल्याचं घर आहे म्हणाल्या. सामान लिफ्टनं खाली गेलं, पण देव लिफ्टनं नेऊ देईनात. म्हणाल्या, "यायलेही भेव वाटत असन." तो लाकडी देव्हारा मी उचलला. त्या पुढे, एकेक पायरी, मी मागे. वळणावर त्या थांबल्या, वळून माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात गुंतलेले, छातीशी ते सगळे देव, आणि समोर काकू. "काही म्हणून राहिले का, भाऊ?" इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढंच विचारलं. मी म्हणालो, "पायरी सांभाळा, काकू." त्यांनी मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि उतरू लागल्या.

त्या हिवाळ्यात ताटली आली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाला. सकाळची पूजा राहिली होती, म्हणून घरच्यांना कळलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिला विषय श्रद्धांजलीचा असतो. चेअरमननी काकूंचं नाव घेतलं. अत्यंत श्रद्धाळू बाई होत्या, म्हणाले. आणि पुढे, "काकांच्या बाबतीत जे घडलं ती शेवटी ईश्वरेच्छा. आपण दोन मिनिटं उभं राहू." खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, मीही. ईश्वरेच्छा. पाण्यातून काढून काकूंनी ज्यांना पंचानं पुसलं होतं, त्यांच्याच माथी हे पुन्हा मारलं जात होतं, आणि ते खोडून काढू शकणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. ज्यांना माहीत नव्हतं ते सगळे समोर मान खाली घालून उभे होते.

लोक बसले. मी बसलो नाही. म्हणालो, मला या विषयावर बोलायचं आहे. चेअरमननी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना कळलं. ते म्हणाले, "हा विषय संपला. तुमचं काही असेल तर लेखी द्या, पुढच्या सभेत घेऊ."

शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्या शर्टाची बाही धरली होती. ओढण्यासाठी धरली की सावरण्यासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो, "तोंडीच सांगतो. दार उघडतंय हे काकूंनी मला आधी सांगितलं होतं. मी ते त्याच रात्री तुम्हाला सांगितलं होतं. आपण दोघांनी गणपती होईपर्यंत थांबायचं ठरवलं. उद्या पोलीस चौकीत जाऊन मी हेच सांगणार आहे; त्याचा उपयोग होवो न होवो. काकू, तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. काका माझ्यामुळे गेले, आणि त्यानंतर तुम्ही खोट्या ठरलात तेही माझ्यामुळे. वळणावर तुम्ही विचारलंत तेव्हा हे म्हणायचं होतं. मला क्षमा करा."