हाय का नाय

पालघरला मी शिकवतो त्या शाळेत हरेश्वर गेल्याची तार आली, तेव्हा मला रडू आलं नाही. महिनाभर वर्तमानपत्रं त्याला ‘हाडाचा नट’ म्हणताहेत. माझा तो सख्खा चुलतभाऊ, म्हणून मीही चार ओळी लिहाव्यात असं सांगणं आलं. लिहितो, पण गोड लिहिणार नाही.

आमच्या मुरबे गावच्या होळीतल्या नाटकांत तो वाढला, मग मुंबईच्या नाटक मंडळीत गेला. संवादांआधी तो माणसं पाठ करायचा. सुट्टीत आला की माझ्या बाबांच्या होडीवर जाऊन बसायचा. बाबा तांडेल, होडी त्यांच्या हुकमात. निघण्याआधी सुकाणू धरून, मान तिरकी करून ते विचारत, “दोर घट्ट हाय का नाय?” सगळे खलाशी एका सुरात “हाय” म्हणत, तेव्हाच होडी हले. पुतण्याला दर्याची ओढ आहे, असं बाबांना वाटायचं...

मग त्याचा सिनेमा आला. दोन प्रसंगांचा दारुडा कोळी. तीच तिरकी मान, तोच आवाज, हातात बाटली आणि तोंडी “हाय का नाय?” पालघरच्या सिनेमाच्या तंबूत लोक हसून लोळले. बाबा माझ्या शेजारीच होते, पुतण्याचं काम बघायला नवा सदरा घालून आलेले. पुढच्या पाच-सहा सिनेमांत हरेश्वरने तेच सोंग आणलं. इकडे बाबांनी विचारलं की खलाशी तोंड फिरवून हसू दाबू लागले. एके सकाळी बाबांनी विचारलंच नाही.

मी मुंबईला जाऊन त्याला फैलावर घेतलं. “काकांचं नाव मी कुठे घेतलं?” तो म्हणाला. “लोक हसले, म्हणजे काम जमलं.” गावची बोली त्याच्या घरात वर्ज्य होती, ती फक्त कॅमेऱ्यापुढे निघायची. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचा पश्चात्तापही नाही.

तार घेऊन मी गावी गेलो. बाबा जाळं विणत होते. ऐकून त्यांचा हात थांबला.

“काम बेस करायचा,” ते म्हणाले. “माजंच करायचा... पन बेस करायचा.”

माझं मन एवढं मोठं नाही.

तेरावं उरकल्यावर बाबा होडीवर गेले, मी किनाऱ्यावर उभा होतो. त्यांनी सुकाणू धरलं आणि फळीवर बोटांनी दोनदा टकटक केली. खलाशी “हाय” म्हणाले, होडी निघाली. आता हीच रीत आहे. त्यांचा तो जुना प्रश्न मी मनात ऐकून पाहिला. शब्द बाबांचेच होते, आवाज मात्र हरेश्वरचा आला.