वेबर साहेबांना शंभरपैकी शंभर

माझ्या मूर्खपणाचे किस्से ढिगानं आहेत, पण या एकाला थेट जर्मनीहून आलेला लेखी पुरावा आहे. माझ्याच सही-शिक्क्याचा! बसा. चहा येऊ द्या, मग सांगतो. हसायचं असेल तर हसा, मला आता त्याचं काही वाटत नाही.

मी बिराजदार सर. लातुरात फिजिक्सचे क्लास घेतो. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात दोनच गोष्टी वाढत होत्या, एक भीती आणि दुसरे क्लास. घर धड उभं असूनही लोक अंगणात खाटा टाकायचे, आणि त्याच गावात उमरी, देगलूर, देवणी, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. माझा क्लास म्हणजे एक पत्र्याची शेड, दोनशे पोरं, एक फळा. दर रविवारी टेस्ट, सोमवारी निकाल. पहिला येईल त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार, आणि 'आमचे गुणवंत' या भिंतीवर त्याचा फोटो. यात खंड नाही. सख्खा साडू वारला तेव्हासुद्धा टेस्ट झाली होती, आता बोला!

मला एक रोग आहे. समोरच्याला कळलं नाही, तर मला अन्न गोड लागत नाही. तो विद्यार्थी असो, भाजीवाला असो, नाहीतर आमची सासू असो. कळेपर्यंत मी सोडत नाही. हा रोग नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता सलीमभाई. गोलाईच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तीन पिढ्यांचं. बोटं अशी की बंद पडलेलं घड्याळ त्यांच्या हातात गेलं की लाजून चालू होतं. त्यांची थोरली बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली. सलीमभाई तिला आपा म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा आपानंच त्यांना वाढवलेलं. भूकंपात ती दगडमातीच्या भिंतीखाली गेली. सलीमभाईंनी आपल्या हातानं दगड उपसले. त्यावर ते कधी बोलले नाहीत, आणि माझी विचारायची छाती झाली नाही.

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी ते माझ्या शेडमध्ये आले, मागच्या बाकावर बसून राहिले, आणि पोरं गेल्यावर म्हणाले, "सर, जमीन हालली की घंटी वाजली पायजे. झोपलेलं माणूस उठून भाईर पळालं पायजे. बास, येवढंच करायचंय."

केलं आम्ही! तारेला शिशाचं वजन टांगलं, त्याच्याभोवती तांब्याची कडी. जमीन हलली की वजन कडीला टेकतं आणि घंटी वाजते. सोपं आहे ना? सोपं कसलं! रस्त्यानं ट्रक गेला तरी वाजायची. शेजारची म्हैस खांबाला अंग घासायची, तरी वाजायची. त्या एका म्हशीपायी एका आठवड्यात आमची अख्खी गल्ली चार वेळा रस्त्यावर आली. चौथ्या वेळेस लोक म्हशीकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

मग मला सुचलं की वजन तेलात बुडवायचं. ट्रकचा आणि म्हशीचा हादरा बारीक आणि भराभर असतो, तो दाट तेलातच मरतो. भूकंपाचा झोका मोठा आणि सावकाश, त्याला तेल अडवत नाही. डोकं माझं, पण तेल सलीमभाईंचं. एरंडेल आणि करडई. उन्हाळ्यात पातळ होऊ नये, थंडीत थिजू नये, असं मिश्रण बसवायला त्यांना वर्ष लागलं. एक दिवस उसानं भरलेला ट्रक दारावरून गेला आणि घंटी गप्प! आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून रडलो. मी प्रमाण विचारलं. ते म्हणाले, "तीनास एक." मी वहीत लिहून घेतलं.

सलीमभाईंनी पेटीवर लावायला पितळेची पट्टी कोरली. त्यावर एकच शब्द, 'आपा'.

पुनर्वसनाच्या गावांत आम्ही अशा काही बंद पेट्या बसवल्या. तिथं बांधकाम बघायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं एका शाळेत ती पाहिली, आणि काही महिन्यांनी जर्मनीच्या एका कंपनीचं पत्र आलं. भागीदारीत कंपनी काढू म्हणे. कल्पना तुमची, भांडवल आणि यंत्रसामग्री आमची, कारखाना लातूरच्या एमआयडीसीत, आणि पेटीचं नाव 'आपा' हेच राहील. ते शेवटचं वाक्य सलीमभाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "मंजे सर, सगळ्या दुनियेत तिचं नाव जाणार," एवढंच म्हणाले, आणि डोळ्याला लावायचं भिंग उगाच पुसत बसले.

माझा एक वर्गमित्र नांदेडला वकील आहे, कदम. त्याला बोलावलं. त्यानं आम्हाला समोर बसवून पोरांसारखा दम भरला. पेटंटचा अर्ज अजून गेलेला नाही. करारावर सह्या नाहीत. गुपित ठेवण्याच्या कागदावर तर नाहीच नाही. तेव्हा सह्या होईपर्यंत पेटीत काय आहे ते कुणालाही कळता कामा नये. घंटी वाजवून दाखवा, झाकण उघडायचं नाही. आणि जाताना त्यानं स्वतः शेडमधल्या पेटीच्या झाकणावर लाखेचं सील मारलं.

आता मी शपथेवर सांगतो, त्या सीलला मी बोटसुद्धा लावलं नाही.

मग त्या जर्मन कंपनीकडून बोलणी करायला वेबर साहेब आले. उंच, लाजाळू, भला माणूस. कराराचा मसुदा तिकडून यायचा होता, म्हणून ते लातुरातच थांबले. रोज सकाळी लॉजवरून माझ्या शेडमध्ये यायचे. पोरं मला 'सर' म्हणतात हे बघून तेही 'सर' म्हणायला लागले. तिथंच मी अर्धा विरघळलो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ट्रक गेल्यावर ही का वाजत नाही? मी छाती काढून सांगितलं, सॉरी, ते गुपित आहे. साहेबांनी मान डोलावली. राग नाही, हट्ट नाही. फक्त हळूच म्हणाले, "बरोबर आहे, सर. तसंही मला कळलं नसतं. मी कंपनीचा व्यापार बघतो. शाळेत फिजिक्स मला कधी कुणी नीट शिकवलंच नाही."

लातुरात क्लासच्या सरपुढं हे वाक्य बोलायचं?

मला जेवण गेलं नाही. एवढा मोठा माणूस, कोट-टाय घातलेला, आणि त्याला लंबक कळत नाही! त्यात दोष कुणाचा, त्याचा का त्याच्या मास्तरांचा? दुपारी मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर लंबक काढला. नुसता लंबक, हं! लंबक काय माझ्या बापाचा आहे? कुठल्याही पुस्तकात सापडतो. दुसऱ्या दिवशी दोलन झालं. मग त्यांना शंका आली की दोलन थांबतं कसं? चांगली शंका होती! आता चांगल्या शंकेला उत्तर न देणारा सर बघितलाय का तुम्ही कुठं? मी तेल काढलं. मग ट्रक काढला. मग त्यांना सोपं पडावं म्हणून म्हैस काढली, खांबाला अंग घासणारी. साहेब भराभरा उतरवून घेऊन राहिले. माणूस वही इतकी स्वच्छ ठेवायचा की मी ती पोरांना दाखवली.

सलीमभाई रोज चौकशी करून जायचे. "सर, कुछ बोले तो नहीं ना?"

"झाकणाला हात लावलेला नाही," मी सांगायचो. खरंच होतं ते. गुपित पेटीत आहे, पेटीला सील आहे, आणि सीलवर मी लक्ष ठेवून आहे. फळ्यावर चाललाय तो अभ्यास! याला तुम्ही काय म्हणाल? मी तर बायकोलासुद्धा सांगितलं होतं की कदमाचा शब्द मी अक्षरशः पाळतोय.

मग आला रविवार. टेस्ट. बाकावर बसलेल्या माणसाला पेपर द्यायचा नाही? मी त्यांच्यासाठी वेगळा पेपर काढला, शंभर मार्कांचा. शेवटचा प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे. 'ट्रक गेल्यावर घंटी का वाजत नाही? आकृती काढून सकारण स्पष्ट करा. तेलाचे प्रमाण लिहा. मार्क वीस.'

त्यांना बावन्न पडले. बावन्न! चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, साहेब, घाबरायचं नाही, आपण रिपीटर बॅच घेऊ. चार दिवस जादा तास घेतले, एकट्यासाठी. चहा माझ्याकडून. पुढच्या रविवारी पुन्हा तोच पेपर, आणि शंभरपैकी शंभर! मी लाल शाईनं गोल काढला, बाजूला इंग्रजीत लिहिलं, 'अतिउत्तम. विषय पूर्णपणे समजला आहे.' खाली सही, तारीख, क्लासचा शिक्का.

सोमवारी सत्कार. शाल, नारळ, पेढा. हार सलीमभाईंच्या हस्ते. त्यांनी मला हळूच विचारलं, साहेब कशात पहिले आले? मी म्हटलं, फिजिक्समध्ये. सलीमभाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. आमचा तिघांचा फोटो भिंतीवर लागला, 'आमचे गुणवंत'मध्ये. एक प्रत साहेबांना भेट दिली. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, असं मला आयुष्यात कुणी शिकवलं नाही.

त्यानंतर मसुदा आलाच नाही. महिने गेले. पत्रांना उत्तर नाही. सलीमभाई पोस्टमन दिसला की दुकानातून उठून उभे राहायचे.

मग एक दिवस पुनर्वसनाच्या त्या शाळेतून एक रंगीत पुस्तिका माझ्याकडं आली. जर्मन कंपनी भूकंपाची घंटी विकून राहिली होती. पेटीचं नाव दुसरंच, इंग्रजी. त्यात 'आपा' कुठंच नव्हतं. आणि आत आकृती होती. लंबक, तेल, ट्रक, आणि एक म्हैस. खांबाला अंग घासणारी!

सलीमभाईंनी ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. इंग्रजी त्यांना येत नाही. ते एकच नाव शोधत होते. मला तिथं उभं राहवेना.

कदम मात्र खूश! तो म्हणाला, जर्मनीत कुठली म्हैस खांबाला अंग घासते? हीच आपली साक्षीदार. त्यानं चार पानी नोटीस धाडली, की आमचं गुपित चोरलं. आम्हाला पुन्हा आशा वाटायला लागली. सलीमभाईंनी पितळी पट्टी चिंचेनं घासून लख्ख केली.

उत्तर आलं. नांदेडला कदमच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. चोरी कसली? हे ज्ञान आमच्या माणसाला कुठलीही अट न घालता वर्गात शिकवण्यात आलं. भिंतीला खिडक्या होत्या, दोनशे विद्यार्थी ये-जा करत होते. शिवाय त्याची परीक्षा घेण्यात आली. एकदा नाही, दोनदा. सोबत पुरावे जोडले आहेत. आणि जोडलेलं काय? माझा तपासलेला पेपर, आणि आमच्या तिघांचा हार घातलेला फोटो.

कदमनं पेपर माझ्यापुढं सरकवला.

"सही तुझी?"

"माझी."

"विषय पूर्णपणे समजला आहे, हे तू लिहिलंस?"

"हो."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाला, "अरे, एखादा मार्क तरी कापायचा. याला पुरतं कळलं नव्हतं असं म्हणायला मला जागा राहिली असती."

"कापण्यासारखं काही नव्हतं," मी म्हटलं. काय करणार, तोंडातून निघून गेलं.

कदमनं फाइल बंद केली. म्हणाला, यात काही राहिलं नाही, घरी जा. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. सलीमभाईंकडं बघायची हिंमत नव्हती. ज्या माणसानं बहिणीच्या नावासाठी वर्षभर तेलात हात घातले, त्याचं सगळं मी दोन रविवारांत वाटून टाकलं होतं, वर पेढा दिला होता.

सलीमभाईंनी पेपर ओढून घेतला. मराठी अंकांइतकेच इंग्रजी अंकही त्यांना येतात, घड्याळवालेच ते. शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"सर, ह्ये तेलाचं प्रमाण हाय ना? तीनास एक?"

"हो."

"चूक हाय."

मी उडालोच. "चूक कसं? तुम्हीच सांगितलं होतं मला."

"हाव, सांगितलं होतं. तसं न्हाई ते."

कदम खुर्चीतून अर्धा उठला, पण पुस्तिका उघडून पुन्हा खाली बसला. त्या कंपनीनं आपल्या प्रयोगशाळेत वेगळंच तेल बनवून घातलं होतं. आमच्या तेलावाचून त्यांचं काही अडलेलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसरीच आग पेटलेली. कंपनी गेली, कारखाना गेला, आपाचं नाव गेलं, आणि वर मी एका चुकलेल्या उत्तराला वीसपैकी वीस दिले होते!

"सलीमभाई," मी म्हटलं, "इतकी वर्षं आपण मिळून काम केलं. खरं प्रमाण मला का नाही सांगितलं?"

त्यांनी पेपरची नीट घडी केली, माझ्या खिशात ठेवली, आणि वरून हळूच थोपटलं.

"सर, तुम्हाला सांगितलं असतं, तर रविवारच्या टेस्टला आलं असतं."